दुसरा होकार

काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन जराशी वळवली आणि तपासनिसाला दिसलं की तिथे मुंगी नाही. निळा पट्टा होता, गोल कोपऱ्यांची बटणं होती, कुठल्याशा कंपनीचं चिन्ह होतं आणि कोपऱ्यात एक हसरा दात डोळे मिचकावत होता. "आधी आला होतात का?" मुलीने विचारलं. बारा वर्षं येतोय, असं तो म्हणाला. तिने खालचा ओठ पुढे काढून शोधलं, मग मान हलवली. "जुनं सगळं यात आलेलं नाही. नव्याने भरावं लागेल. वय?" त्याने वय सांगितलं. चोपन्न. ते सांगताना त्याचा डावा जबडा ठणकला आणि तो ठणका दाढेचा की रागाचा, हे त्याला कळलं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन तो बसला. समोर एक बाई मुलाच्या हातातून मासिक ओढून घेत होती, मूल ते सोडत नव्हतं, भिंतीवर हिरड्यांचं चित्र होतं. हे सगळं मागच्या खेपेसारखंच होतं. बदललेली गोष्ट एकच होती आणि ती या खोलीत त्याच्याखेरीज कोणाच्या लक्षातही येणार नव्हती, याचाच त्याला जास्त संताप आला.

मुंगी म्हणजे संगणक चालवणारी एक छोटी प्रणाली. तीसेक हौशी माणसांनी आपापले नोकरीधंदे सांभाळून, कोणाकडून काही न घेता, वीस वर्षं खपून लिहिलेली. मोठ्या कंपन्या ज्या यंत्रांना भंगार म्हणतात त्यांच्यावर ती सुखाने चालायची. या माणसांत एक रेडिओ दुरुस्त करणारा होता, कोर्टातल्या टंकलेखिका बाई होत्या, दोन जुळे भाऊ होते जे एकमेकांशी फक्त कोडमधून भांडायचे, हा दंतवैद्य होता आणि तो स्वतः होता. तो सरकारी खात्यात लिफ्टचा तपासनीस, म्हणून मुंगीवाल्यांतही त्याचं नाव तपासनीसच पडलं. वर्षातून एकदा सगळे एका वाचनालयाच्या तळघरात जमायचे, गार झालेला चहा प्यायचे आणि संध्याकाळपर्यंत घसा बसेतो वाद घालायचे. पण खऱ्या कामासाठी, पोटापाण्याच्या कामासाठी, मुंगी जगात एकाच ठिकाणी चालत होती, ती या काउंटरवर. कोणी कुत्सितपणे विचारलं की तुमचं ते खेळणं वापरतं तरी कोण, तर सगळे या दवाखान्याकडे बोट दाखवायचे. तेही आता मिटलं. आणि डॉक्टरने साधं कळवलंसुद्धा नाही.

न कळवता जाण्याची ही तऱ्हा त्याला पाठ होती. भांडून गेलेल्यांवर त्याचा राग नव्हता. जुळ्यांपैकी थोरला भर तळघरात खुर्ची आपटून गेला होता, ते त्याला आवडलंच होतं. त्याला चीड होती ती विरघळत जाणाऱ्यांची. आधी त्यांची उत्तरं तासाभरात येत, मग दुसऱ्या दिवशी, मग नुसता अंगठा, मग तोही नाही. विचारलं तर म्हणत, छे छे, आहे ना मी, जरा कामं आहेत. रेडिओवाल्याला नात झाली आणि तो म्हणाला, एवढं बारसं उरकू दे. ती नात आता शाळेत जाते. धाकटा जुळा दुसऱ्या कुठल्या तरी कंपूत दिसतो, तिथे लोकांना शाबासक्या देत फिरतो, इथे मात्र त्याला वेळ नाही. माणसं अशी काढता पाय घेताना तोंडाने 'आहे, आहे' म्हणत राहतात आणि मागे राहिलेल्याने ते खरं मानायचं असतं. तपासनीस ते कधीच खरं मानत नसे. कोण जाणार हे त्याला आधीच कळायचं आणि कळलं की तो त्या माणसाशी मुद्दाम तुसडेपणाने वागायला लागायचा, म्हणजे मग ते जाणं निदान आपण ओळखलेलं असायचं.

आता तीनच उरले होते. तो, डॉक्टर आणि टंकलेखिका बाई. आणि आज त्याला डॉक्टरकडून होकार हवा होता. दाढ खरोखरच दुखत होती, चार महिने तो लवंग दाबून दिवस काढत होता, पण दाढेसाठी कुठलाही दवाखाना चालला असता. या दवाखान्यात तो होकारासाठी आला होता.

मुंगीचा नियम असा होता की कोणाचीही कसलीही सुधारणा आत जायची तर इतर दोन सभासदांनी ती वाचून होकार द्यायला हवा. हा नियम तपासनिसानेच आणला होता. लिफ्ट एका दोरावर टांगत नाहीत, असं तो तळघरात टेबलावर हात आपटून म्हणाला होता. एकावर भरवसा ठेवणारे लोक मी रोज पाहतो, आणि त्यांच्या लिफ्टला मी कुलूप ठोकतो. नियम नुसता बोलण्यावर राहू नये म्हणून त्याने तो मुंगीचा सगळा कोड जिथे साठवला जायचा त्या यंत्रातच लिहिला. दोन होकार नाहीत तर दार उघडणार नाही. नवा सभासद घ्यायचा तरी सुचवणाऱ्याखेरीज दोन होकार. हा नियम बदलायचा तरी दोन होकार. चोरवाट ठेवली नव्हती, स्वतःलाही नाही, आणि त्याचा त्याला तेव्हा मोठा अभिमान वाटला होता. तेव्हा तीस माणसं होती. तीस माणसांत दोन होकार म्हणजे काय, हाक मारली की मिळायचे.

तीन वर्षं, सकाळी कामावर जायच्या आधी, बायको आंघोळीला गेली की तेवढ्या वेळात आणि पुढे चहा गार होईपर्यंत, त्याने मुंगीसाठी नवी साठवण लिहिली होती. फायली ठेवायची नवी पद्धत. त्याशिवाय आताच्या यंत्रांवर मुंगी चालूच होत नव्हती, आणि जुनी यंत्रं तर एकेक करून मरत चालली होती. ही साठवण आत गेली तर मुंगी राहणार होती, नाही तर संपणार होती, इतकं ते सरळ होतं. बाईंचा होकार महिन्याभरात आला होता. 'होकार. सगळं पाहिलं.' एवढंच त्यांनी लिहिलं होतं. डॉक्टरचा होकार वर्ष उलटून गेलं तरी आला नव्हता. आणि बाईंचे ते शब्द वाचून तपासनीस छद्मी हसला होता, कारण त्यांनी सगळं पाहिलेलं नव्हतं हे त्याला ठाऊक होतं.

ते त्याला ठाऊक असायचं कारण त्याची एक जुनी सवय होती. नियम आला त्याच वर्षी त्याला शंका आली की लोक न वाचताच होकार देतात. मग तो आपल्या प्रत्येक सुधारणेत एक चूक मुद्दाम ठेवायला लागला. चुकीची बेरीज, उलटी अट, असं काहीतरी, सहज न दिसणारं. कोणी पकडली तर 'अरे हो, राहून गेलं' म्हणून काढून टाकायची. कोणी नाही पकडली तर होकार देणाऱ्याला मनातून उतरवून टाकायचं, सुधारणा आत जाऊ द्यायची, आणि आठवड्याने दुसरी सुधारणा पाठवून चूक दुरुस्त करायची. त्यात कोणाचं नुकसान होत नव्हतं. लिफ्टच्या तपासणीतही तो मशीनरूममधला एक स्क्रू सैल करून ठेवायचा आणि मेकॅनिकच्या लक्षात येतो का ते पाहायचा. नव्या साठवणीत त्याने ठेवलेली चूक मात्र मोठी होती, कारण माणसंच एवढी बेफिकीर झाली होती. जागा पूर्ण भरली की मुंगीने 'जागा नाही' म्हणायचं, त्याऐवजी ती गुपचूप सगळ्यात जुनी फाईल पुसून नवी लिहीत होती. नीट वाचणाऱ्याला हे दिसलंच पाहिजे होतं. बाईंना दिसलं नाही. संपल्या बाई, असं तो त्या दिवशी बायकोला म्हणालाही होता. बायको म्हणाली, "कोण बाई? त्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या? अहो, मग एकदा फोन तरी करा त्यांना." त्याने केला नव्हता.

"या," डॉक्टर दारातून म्हणाला आणि तपासनीस खुर्चीवर जाऊन आडवा झाला. दिवा डोळ्यांवर आला. डॉक्टरने मास्क वर ओढला, तो थकलेला दिसत होता, पण हल्ली सगळेच थकलेले दिसायचे आणि तपासनिसाला त्याचं कौतुक उरलं नव्हतं. हिरडीत सुई गेली. गालाची एक बाजू हळूहळू परकी होत गेली, आणि मग तोंडात एवढा कापूस आणि नळी आली की बोलायचा प्रश्नच संपला. डॉक्टरने नेमकी तीच वेळ निवडली. "बाहेर पाहिलंस ना?" तो म्हणाला. "गेल्या महिन्यात जुनं यंत्र बंद पडलं. मुंगी नव्या यंत्रावर चढेना. दोन दिवस पेशंट कागदावर लिहून घेतले, एकाला चुकीच्या दिवशी बोलावलं, तो येऊन ओरडून गेला. तुला फोन करणार होतो." ड्रिल सुरू झालं. तपासनिसाला विचारायचं होतं की मग का नाही केलास. डॉक्टरने न विचारताच उत्तर दिलं. "नाही केला. तू आधी हेच विचारलं असतंस की मी काय चुकीचं दाबलं." जळक्या हाडाचा वास आला. नळी घशाशी गुरगुरत होती. तपासनीस छतावरच्या पंख्याच्या कडीकडे बघत राहिला, कडीला दोन बोल्ट हवेत, एकच दिसत होता, आणि तो मनात म्हणाला, हा माणूस स्वतःच्या डोक्यावर एका बोल्टचा पंखा फिरवतो आणि मला शिकवतो.

डॉक्टर बोलतच होता, सवयीने, पेशंटला धीर देण्याच्या सुरात, त्यामुळे ते शब्द आणखी झोंबत होते. तो म्हणत होता की आपण थांबतोय, आजच सभासदांतून नाव काढणार होतो, बरं झालं समोरासमोर सांगता आलं. तो म्हणत होता की राग वगैरे काही नाही. म्हणजे राग होता, एके काळी. त्याने दवाखान्यासाठी वेळापत्रकाचा भाग लिहिला होता, रंगीत, सुबक, आणि तपासनिसाने तो अकरा वेळा परत पाठवला होता. एकदा ओळींमधल्या जागेसाठी, एकदा एका शब्दासाठी. तपासनिसाला ते आठवत होतं. त्याच्या मते ते अकराही नकार बरोबर होते, आजही कोणी विचारलं तर त्याने बाराव्यांदा नकार दिला असता. पण आत्ता त्याला कोणी विचारत नव्हतं. त्याच्या तोंडात दुसऱ्याचे दोन हात होते, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि त्याला सगळ्यांचा राग येत होता. नात झालेल्या रेडिओवाल्याचा, शाबासक्या वाटणाऱ्या धाकट्याचा, काउंटरवरच्या मुलीचा, तिच्या त्या डोळे मिचकावणाऱ्या दाताचा. माझ्यासाठी कोणी थांबलं नाही, असं त्याला वाटलं, आणि ते इतकं पोरकट वाटलं की तो मनातल्या मनात स्वतःवरच खेकसला.

"थुंक," डॉक्टर म्हणाला. तो थुंकला. खालचा ओठ त्याचा राहिला नव्हता, हनुवटीवरून लाळ आली, ती त्याने कागदाने पुसली आणि सरळ मुद्द्यावर आला. "माझी नवी साठवण. वर्ष होऊन गेलं. तू वाचलीही नाहीस."

"वाचली."

"कधी?"

"आली त्याच आठवड्यात. चांगली आहे. तुझं सगळ्यात चांगलं काम आहे ते, खरं सांगतो."

तपासनिसाला काय वाटलं ते त्याला कबूल करायचं नव्हतं, पण छातीत काहीतरी सैल झालं खरं. "मग?"

"मग काय. तू खडा काढायची वाट पाहत होतो."

हा शब्द तपासनिसाने स्वतः कधी वापरला नव्हता. त्या सवयीला त्याने कसलंच नाव दिलं नव्हतं, ती कोणापाशी बोलून दाखवायची वेळच आली नव्हती. तरी त्याला क्षणात कळलं, आणि बधिर झालेली बाजू सोडून उरलेला चेहरा तापला. डॉक्टर हात धूत होता. "रेडिओवाल्याने ठेवलेलं नाव," तो म्हणाला. "तुझं काही आलं की आम्ही एकमेकांना फोन करायचो. तपासनिसाने यंदा खडा कुठे टाकलाय, सापडला का? सुरुवातीला गंमत वाटायची रे. पैजा लावायचो. नंतर मात्र कंटाळा आला. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून घरी जायचं आणि जेवण उरकून तुझ्या परीक्षेला बसायचं. सापडला तर तू साधं शाबास म्हणायचा नाहीस. नाही सापडला तर महिनाभर तुझ्या बोलण्यात काटे. जुळ्यांतला थोरला कशावरून गेला असं वाटतं तुला?"

"खुर्ची आपटून गेला. त्याने लिहिलेला भाग मी परत पाठवला म्हणून."

"खड्यावरून गेला. तुला सांगायची आमच्यात हिंमत नव्हती." डॉक्टरने हात पुसले. "किंवा खरं म्हणजे दया यायची. काहीतरी एक होतं ते."

तपासनीस खुर्चीत उठून बसला होता, गळ्यात अजून तो कागदी लाळेरा. ओरडावं, उठावं, दार आपटावं असं त्याला वाटलं. पण जो आपल्याला हवा असलेला होकार खिशात घेऊन उभा आहे त्याच्यासमोर दार आपटता येत नाही. "आज काढतो," तो म्हणाला. "दोन ओळींचं काम आहे. संध्याकाळी नव्याने पाठवतो. उद्या तू..."

"उद्या नाही."

"परवा."

"मी पुन्हा वाचणार नाही, तपासनीस. न वाचता होकार दिलेला तुला चालणार नाही. वाचलंय ते आहे तसं हवं असेल तर आत्ता देतो आणि नाव काढतो. नको असेल तर नको म्हण, तसाच जातो. नाही तर तू सरळ आपली वेगळी प्रत काढ. कोड सगळ्यांना खुला आहे, तुला कोण अडवतंय?"

वेगळी प्रत. जाणाऱ्यांपैकी एक-दोघांनी काढल्या होत्या आणि तपासनिसाने त्यांना जन्माचं हसून घेतलं होतं. एकट्याची मुंगी, आपणच लिहायचं, आपणच मान डोलवायची. त्याने भराभर हिशोब मांडला. आहे तशी साठवण आत गेली तर मुंगी नव्या यंत्रांवर चालेल, पण जागा भरली की माणसांच्या जुन्या फायली गिळत जाईल. ती चूक काढायला दोन होकार लागतील. डॉक्टर गेल्यावर होकार देणाऱ्या बाई एकट्या. नवा सभासद घ्यायलाही दोनच. म्हणजे चूक कायमची. आणि नाही गेली आत, तर मुंगी जुन्या यंत्रांबरोबर मरणार, पण मरताना स्वच्छ असणार. तो आयुष्यभर लोकांना हेच सांगत आला होता, की सदोष लिफ्ट चालवण्यापेक्षा बंद बरी. आताही तेच म्हणायला हवं होतं. तो ते जवळजवळ म्हणालाही. पण तीन वर्षांच्या सकाळी होत्या, आणि 'तुझं सगळ्यात चांगलं काम' हे शब्द अजून खोलीत होते, आणि त्याला होकार हवा होता. मुंगीसाठी नाही. त्याला स्वतःला हवा होता, कोणीतरी एकदा हो म्हणायला हवं होतं.

"दे," तो म्हणाला.

डॉक्टरने मोबाईल काढला, चष्मा कपाळावर सरकवला, तीन-चारदा बोट लावलं. "झालं," तो म्हणाला, मग आणखी एकदा बोट लावलं आणि ते कशासाठी ते दोघांनाही माहीत होतं. "दोन तास काही चावू नकोस. बधिरपणा जाईपर्यंत गरम पिऊ नकोस, जीभ भाजेल आणि कळणार नाही." तपासनिसाने मान हलवली. आभार मानावेत असं त्याच्या मनात आलं होतं, पण तो लाळेरा स्वतःच सोडून, घडी करून ट्रेमध्ये ठेवून बाहेर पडला. बाहेर मुलगी म्हणाली, "आता तुमचं सगळं भरलंय, पुढच्या वेळी लगेच सापडेल."

दुपारी त्याने एका ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट नापास केली. ब्रेक ठीक होता, दोर ठीक होते, दाराच्या आतला दिवा मंद होता. इमारतीचा मॅनेजर त्याच्या मागे मागे मशीनरूमच्या लोखंडी जिन्यावरून उतरत म्हणाला, "साहेब, अहो दिव्यावरून? वर पाचव्या मजल्यावर कुबड्या घेऊन येणारा माणूस आहे, त्याने काय करायचं?" तपासनिसाचा ओठ अजून जड होता, आणि बोललं की लाळ येत होती. त्याने दारावर नोटीस चिकटवली, अंगठ्याने चारी कोपरे दाबले आणि पायऱ्यांनी खाली आला.

घरी आल्यावर बूट न काढताच तो यंत्रासमोर बसला. नवी साठवण आत गेलेली होती. हिरव्या अक्षरांत दोन होकार, बाईंचा आणि डॉक्टरचा, आणि डॉक्टरच्या नावापुढे 'माजी'. त्याने चूक असलेला भाग उघडला, दोन ओळी बदलल्या, चालवून पाहिलं. जागा भरली, मुंगी म्हणाली, 'जागा नाही.' किती नीट म्हणाली. एवढंच तर काम होतं. त्याने दुरुस्ती पाठवून दिली आणि यंत्राने त्यानेच पूर्वी लिहिलेलं वाक्य दाखवलं, 'दोन सभासदांच्या होकाराची वाट पाहत आहे.' बाई देतील, त्याने ठरवलं, एक तर मिळेल. मग बाईंना फोन करायचा, पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांची चौकशी करायची, मग दोघांनी मिळून रेडिओवाल्याला गाठायचं. माजी सभासदाला परत घ्यायला दोन होकार लागतात हे त्याच्या लक्षात होतं, तरी तो काहीतरी वाट शोधत बसला होता, आणि तेवढ्यात बाईंचं पत्र आलं.

'डॉक्टरांचा होकार आलेला पाहिला. मनापासून अभिनंदन. इतके दिवस मी त्यासाठीच थांबले होते. ऑपरेशननंतर स्क्रीन सोसत नाही, पण मी गेले असते तर तुमचा एक होकार कमी झाला असता, म्हणून राहिले. आता तुमचं काम मार्गी लागलं, मी मोकळी. नाव आत्ताच काढलं आहे. साठवणीतली फाईल पुसण्याची चूक मला दिसली होती. तुम्ही ठेवली असेल हे कळलं, आणि तुम्ही काढालच, म्हणून बोलले नाही. तब्येतीला जपा.'

त्याने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागला तेव्हा पहिल्या ओळीवरच अडकला. सभासदांचं पान आपोआप नवं झालं, एक नाव उरलं, आणि खाली त्याची दुरुस्ती दोन होकारांची वाट पाहत होती. जबड्यातला बधिरपणा उतरायला लागला होता. मागे बायको दारात येऊन उभी राहिली, हातात ओले कपडे, आणि म्हणाली, "काय म्हणाला डॉक्टर? दिला का होकार?"

"दिला."

"अरे वा." तिला खरोखरच बरं वाटलं होतं, वर्षभर तिने दुसरं काही ऐकलं नव्हतं. "मग संपलं ना एकदाचं?"

"हो," तो म्हणाला आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला.